रावजी कंपाउंडरांचं कोकरू

नाते गावात आणि आसपासच्या वाड्यांत आज जी माणसं तिशी-चाळिशीच्या घरात आहेत, त्यांना लहानपणी बागुलबुवाची भीती कोणी घातली नाही. गरजच पडली नाही. रावजी कंपाउंडर होते ना! पोर जेवत नसेल, झोपत नसेल, शाळेला जाताना दाराची चौकट धरून बसत असेल, तर आईने नुसतं म्हणायचं, "थांब, रावजीला हाक मारते, येल सुई घेऊन." की पोर तोंडातला घास गिळून मोकळं. कित्येक आयांनी आपली पोरं रावजींच्या नावावर वाढवली आणि त्याबद्दल त्यांना कधी अर्धा कप चहासुद्धा पाजला नाही.

रावजी दिसायला म्हणाल तर अगदी साधे. बुटके, हसतमुख, केसांना चापून तेल. महाडच्या बाजारपेठेत एका डॉक्टरांकडे त्यांनी उभी हयात काढली. डॉक्टर नाडी बघायचे, चिठ्ठी लिहायचे, आणि पडद्याआड रावजी वाट बघत असायचे. तालुक्यातल्या निम्म्या लोकांच्या दंडाशी आणि उरलेल्यांच्या कमरेशी त्यांची जुनी ओळख होती. हात मात्र हलका. "काय नाय, मुंगी चावली," असं म्हणायचे, आणि वाक्य पुरं होईस्तोवर सुई बाहेर आलेली असायची. याचा त्यांना अभिमान होता. रस्त्यात पोरं त्यांना बघून पलीकडच्या कडेला पळायची, त्याचंही त्यांना तेव्हा हसूच यायचं. पोरं लोकांची होती, तोवर हसायला काय जातंय!

डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला आणि रावजी घरी बसले. घरी बायको बनुबाई. मुलगा हर्षद मुंबईला, म्हणजे खरं तर कळंबोलीला, पण गावाच्या हिशेबी पनवेल ओलांडलं की सगळी मुंबईच. हर्षदची बायको पूजा आणि पहिलीत शिकणारी नात सेजल. ही सेजल म्हणजे रावजींचा जीव. आणि तिनेच त्यांचा पार निकाल लावला.

झालं असं की, गेल्या गणपतीत मंडळी गावी आली होती. सेजल पावसात भिजली, कणकणली, आणि औषध घेताना दात आवळून बसली. पूजा बिचारी वैतागली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "हे गोड औषध घे गपचूप, नाहीतर आजोबा सुई देतील. ते सगळ्यांना सुया द्यायचे, विचार आजीला." शेजारची चंपाबाई बसलेलीच होती. तिने लगेच आपल्या वाटणीचं तेल ओतलं, "हां गो बाय, ही एवढी मोठी सुई." आणि दोन्ही हात पसरून जी लांबी दाखवली, तेवढी सुई हत्तीच्यासुद्धा आरपार गेली असती.

सेजलने औषध घेतलं, पण आजोबा सोडले. रावजी ओटीवर आले की ती माजघरात. ते माजघरात आले की ही परसात. त्यांनी आणलेला चिक्कीचा पुडा तिने आजीच्या हातून घेतला, त्यांच्या हातून नाही. जायच्या दिवशी एसटीच्या खिडकीतून तिने आजीला हात केला, चंपाबाईला केला, आळीतल्या कुत्र्यालासुद्धा केला. रावजी हात वर करून उभे होते. तो हात त्यांनी मग उगाच डोक्यावरून फिरवला.

त्यांना फार वाईट वाटलं. बनुबाईने चिडवून पाहिलं, "अवो, तुमच्याजवळ आपल्या पायानं आलेली मी एकलीच, आनी मलाबी बापानं धरून आनली होती." एरवी या वाक्यावर रावजी हमखास हसायचे. त्या दिवशी नाही हसले.

दिवाळीनंतर मुंबईहून एक मोठं बोचकं आलं. मुंबईकरांची ही एक रीतच आहे. घरात जे नकोसं होतं ते फेकवत नाही, म्हणून गावी पाठवतात आणि वर आईबापांवर उपकार करतात. बोचक्यात पूजाच्या जुन्या साड्या, झाकण नसलेला मिक्सर, हर्षदने एकदाच वापरलेले धावायचे बूट, आणि तळाशी एक पुठ्ठ्याचा खोका. खोक्यावर गुबगुबीत सशाचं चित्र. आत रंगीत लोकरीचे पुंजके, स्पंजाची एक वीट आणि तीन सुया. पूजाने हौसेने मागवलेला तो संच. पहिल्याच दिवशी तिच्या बोटाला सुई लागली आणि हौस फिटली.

सुया बघताच रावजींचे डोळे लकाकले. त्यांनी चष्मा लावून एक सुई उजेडात धरली. ही काही ओळखीची नव्हती. मागे धाग्याला भोक नाही, पुढे पोकळ नाही, अंगावर मात्र डोळ्याला दिसतील न दिसतील अशा बारीक खाचा. त्यांनी मोबाईलवर शोधलं, तर एक मुलगी मांडीवर स्पंज घेऊन हेच करत होती. सुई लोकरीत खुपसली की त्या खाचा वरचे तंतू आत ओढून नेतात, तंतू एकमेकांत गुंततात, आणि पुन्हा पुन्हा टोचलं की भुसभुशीत पुंजक्याचा घट्ट गोळा होतो. गोळ्याला गोळा जोडत गेलं की ससा. एवढंच सगळं शास्त्र. शिवण नाही, गाठ नाही, डिंक नाही.

"बनू," रावजी म्हणाले, "शिमग्याला सेजल येल तवा तिला मी ससा करून देनार. आपल्या हातानं."

"सुईनं?" बनुबाईने विचारलं.

"सुईचं नाव काढायचं नाय. म्हाडच्या बाजारातून आनला असं सांगायचं."

तर अशा रीतीने, जिला सुईची धास्ती त्या नातीला जवळ आणायला आजोबांनी पुन्हा सुईच हातात घेतली. माणूस आयुष्यभर जे करतो त्याच्या पलीकडे त्याला काही सुचत नाही, हेच खरं.

सुरुवात त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे केली. म्हणजे, सुया उकळल्या. दवाखान्यातून आणलेला स्टीलचा जुना डबा माळ्यावर होताच, तो चुलीवर चढला. लोकरीला कसला जंतुसंसर्ग होणार होता ते त्यांनाच ठाऊक! वर सवयीने सुया त्या पाण्यात तशाच ठेवून ते झोपले. सकाळी दोन सुयांवर तांबूस गंज चढला होता. तिसरी जरा बरी होती, तिला स्पिरिटने पुसून त्यांनी लोकरीचा पुंजका डाव्या हाताच्या चिमटीत दंडासारखा धरला, उजव्या हाताने सुई तिरकी घातली आणि मनगटाला तो खास झटका देऊन बाहेर काढली. बाहेर अर्धीच आली. अर्धी आत राहिली.

मोबाईलमधली मुलगी सांगत होती की सुई सरळ आत, सरळ बाहेर. वाकडी ओढली की मोडते. पण उभी हयात ज्यांनी सुया दिल्या त्यांना काल-परवाची पोर काय शिकवणार, म्हणून रावजींनी तेवढा भाग पुढे सरकवला होता.

मग हर्षदला फोन. "बाबू, सुया पाठव."

हर्षद घाबरला. "बाबा, आता हे धंदे बंद करा हां. कायदा कडक झालाय. कोणी कंप्लेंट केली तर लफडं होईल."

"अरे मानसांना नाय, लोकरीला!" रावजी ओरडले. सगळं कळल्यावर हर्षद इतका हसला की शेजारी बसलेली पूजाही हसू लागली. पण सुया आल्या. गावाकडे येणाऱ्या एका गाडीवाल्याने त्या औषधाच्या पुडीसारख्या जपून आणल्या. सेजलला कळू द्यायचं नाही, असंही ठरलं.

नव्या सुयांनी रावजी नेटाने लागले. आता सरळ आत, सरळ बाहेर. ओटीवर बसून सकाळ-संध्याकाळ टचटच टचटच. एकाच बाजूने टोचलं की गोळा चपटा होतो, म्हणून फिरवत टोचायचं, हे त्यांना तिसऱ्या चपातीनंतर कळलं. एकदा लक्ष रस्त्यावर गेलं आणि सुई सरळ डाव्या अंगठ्यात. ज्या माणसाने सगळ्या तालुक्याला मुंगी चावल्याचं सांगितलं, त्याने असा काही हंबरडा फोडला की चंपाबाई हातातलं पीठ न धुता धावत आली. "काय साप चावला काय?" तिने विचारलं. बनुबाई म्हणाली, "नाय गो. मुंगी."

संचातली लोकर संपली तेव्हा ससा तयार झाला होता, म्हणजे रावजींच्या मते. बनुबाईने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्यो बटाटा कान लावून का केलात?"

हरकत नाही. लोकर संपली तर लोकर आणावी. आणि लोकर तर गावाच्या शिवारात चरत होती. भातं कापून झाली की देशावरचे धनगर घाट उतरून खाली येतात आणि लोक आपल्या शेतात खतासाठी त्यांची मेंढरं बसवून घेतात. यंदा खालच्या शेतात सोमा धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ होता. रावजी त्याच्याकडे गेले. सोमाने फार चौकशी न करता पोतंभर लोकर दिली. काळी, पांढरी, तपकिरी, सगळी एकात एक. तिच्यात काटे होते, गवत होतं, लेंड्या होत्या आणि वास तर असा की बनुबाईने पोतं परसाच्याही पलीकडे ठेवायला लावलं.

आता रावजींच्या अंगातला कंपाउंडर जागा झाला. ही लोकर नातीच्या हातात द्यायची म्हणजे निर्जंतुक नको? घरच्या बंबाने काय होणार? त्यांना महाडजवळचं सव गाव आठवलं. सवच्या कुंडांतलं उकळीचं गंधकाचं पाणी, खरूज-नायट्याला रामबाण. दवाखान्यातून ते स्वतःच कितीजणांना तिकडे धाडायचे. माणसाची खरूज जाते तर मेंढीची का नाही जाणार? पोतं खांद्यावर टाकून ते महाडला आणि तिथून सवला गेले. एसटीत त्यांच्या शेजारची जागा दोन्ही वेळा रिकामी राहिली.

कुंडातलं पाणी बादलीने काढून बाजूच्या दगडावर त्यांनी लोकर धुवायला घेतली. धुवायची म्हणजे कशी? कोकणातला माणूस घोंगडं धुतो तशी. गरम पाणी ओतलं, साबण चोळला, दगडावर आपटली, पायाखाली तुडवली, पुन्हा गरम पाणी, पुन्हा आपटली. अंघोळीला आलेले लोक आपली खरूज विसरून बघत राहिले. रावजींना घाम फुटला, पण मनाला समाधान वाटलं. घाण गेली, वासही बराच गेला. आणि लोकरही गेली. पोतंभर मोकळी लोकर आकसून, आवळून, दगडासारखी एकजीव झाली होती. ओढून तुटेना, पिंजून सुटेना. रावजींनी एक टोक धरलं तर सगळंच्या सगळं वर आलं.

परत येताना सोमा वाटेतच भेटला. त्याने ते लोढणं पाहिलं, हात लावून पाहिलं. "काय वं कंपाउंडर, लोकर धुतली का शिजवली?" एवढंच म्हणाला आणि खाली बसून हसला. घरी येऊन रावजींनी मोबाईलवरचा तोच व्हिडिओ मुकाट्याने अगदी सुरुवातीपासून लावला. मुलगी पहिल्याच वाक्यात सांगत होती: लोकर कोमट पाण्यात नुसती भिजवा, गरम पाण्यात चोळू नका, ती जमून जाईल.

"आता नातीला रेडा करा," बनुबाई म्हणाली. "अंगाला एवढं पुरंल."

त्या रात्री रावजी जेवले नाहीत. चेष्टा ऐकून घ्यायला त्यांची ना नव्हती, पण शिमगा जवळ येत होता आणि त्यांच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. या वेळीही पोर आपल्या हातून काही घेणार नाही, मग पुढच्या वर्षी ती आणखी मोठी, आणखी परकी, असं सारखं मनात येत होतं. बनुबाईला ते कळलं. तिने दुसऱ्या दिवशी न बोलता सोमाकडून कोकरांची मऊ लोकर मागून आणली, स्वतः कोमट पाण्यात भिजवली, सावलीत वाळवली आणि आपली ठेवणीतली फणी काढून विंचरून दिली. फणीचे दोन दात गेले, तेव्हा मात्र नवऱ्याच्या सात पिढ्या तिने नावासकट आठवल्या.

लोकर मेंढीच्या रंगांची, म्हणून सशाचा नाद सोडून रावजींनी कोकरू करायला घेतलं. सवच्या लोढण्याचा एक तुकडा कापून पोटात घातला, त्यावर पांढरी लोकर टोचत गेले. तोंड काळं केलं, कान तपकिरी. हात बसत गेला. येणारेजाणारे ओटीशी थांबून विचारायचे, "काय रावजी, आता गुरांचा दवाखाना का?" रावजी वर न बघता हुं म्हणायचे. मंडळी यायच्या आदल्या दिवशी चौथा पाय घाईघाईत बसवला आणि कोकरू उभं राहिलं. एका बाजूला जरा कललेलं, पण उभं. बनुबाईने बराच वेळ ते हातात धरलं आणि मग स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवलं.

सेजल आली ती पूजाच्या ओढणीआडूनच. रावजींनी "ये गो बाय," म्हटलं, ती आणखी आड गेली. ठरल्याप्रमाणे बनुबाईने कोकरू पुढे केलं, "हे बघ, म्हाडच्या बाजारातून आनलंय." सेजलचा चेहरा उजळला. तिने ते गालाला लावलं, त्याचं नाव ठेवलं, त्याला भात भरवला, पालखी बघायला नेलं, आणि रात्री उशीखाली घेऊन झोपली. आजोबांजवळ मात्र आली नाही. कशाला येईल? कोकरू बाजारातून आलं होतं. रावजी ओटीवर बसून लांबून बघत राहिले. आपणच केलेल्या बंदोबस्तात आपणच अडकलो हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि बोलायचीही चोरी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी माजघरातून एकदम रडण्याचा आवाज आला. कोकराचा चौथा पाय निखळला होता. पाय तुटल्याचं ऐकूनच रावजींना बाहेर कारण कळलं. पाय जोडताना मुळाशी लोकर मोकळी ठेवायची असते, म्हणजे ती अंगात टोचून बसवता येते; घाईत त्यांनी पाय आधीच कडक करून टाकला होता. तो नुसता चिकटलेला होता.

"रडू नको, पप्पा महाडला जाऊन दुसरं आणतील," पूजा म्हणाली.

"मला हेच पाहिजे!"

हर्षदने बायकोकडे पाहिलं, बायकोने सासूकडे. सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी बनुबाईचा धीर सुटला. "अगो, दुसरं मिलनार कुठं? तुझ्या आजोबांनीच केलंय ते. त्यांच्याकडं ने, तेच नीट करतील."

मग हलक्या पावलांचा आवाज आला आणि सेजल ओटीच्या दारात उभी राहिली. एका हातात कोकरू, एका हातात पाय. रावजींपासून दोन हात लांबच थांबली. पुढे येईना, मागेही जाईना.

"आजोबा, हे तुम्ही केलं?"

"होय."

"कशाने?"

काहीतरी सांगून टाकावं, डिंक म्हणावं, असं रावजींना क्षणभर वाटलं. पण पोर त्यांच्याकडे सरळ बघत होती. गणपतीपासून पहिल्यांदा बघत होती.

"सुईनं," ते म्हणाले.

सेजलने कोकरू छातीशी धरलं. "आता याला सुई देणार?"

"द्यावी लागंल. त्याशिवाय पाय बसायचा नाय."

"दुखेल त्याला?"

"त्याला नाय दुखत. मानसाला दुखतं. मी सगल्यांना सांगायचो नाय दुखत म्हनून, पन दुखतं."

सेजलने यावर बराच विचार केला. इतका खरं बोलणारा मोठा माणूस तिला आजवर भेटला नसावा. मग ती म्हणाली, "पण ते घाबरेल. मी त्याला धरून बसते." आणि पुढे आली. धरून बसायचं म्हणजे कसं, तर लहान मुलाला सुई देताना आई जशी मांडीवर घेऊन बसते तसं, हे तिला बरोबर ठाऊक होतं. फक्त तिला स्वतःला बसायलाही मांडी लागली, आणि ओटीवर मांडी एकच होती.

रावजींनी चष्मा लावला. पायाच्या मुळाशी थोडी मोकळी लोकर लावून त्यांनी टोचायला सुरुवात केली, सरळ आत, सरळ बाहेर. "हलू नकोस हां," सेजल कोकराला दटावत होती, "झालंच आता." मग तिने विचारलं की सुईला खाचा का, आणि खालच्या शेतातल्या मेंढ्यांना थंडी वाजत नाही का, आणि या कोकराची आई कुठाय. रावजी एकेकाचं उत्तर देत होते. तिचं डोकं त्यांच्या छातीला टेकलं होतं.

पाय केव्हाच बसला. रावजींनी हळूच ओढून पाहिला, पक्का होता. त्यांनी पुन्हा टोचायला घेतलं. देवळाकडे ढोल वाजू लागले, हर्षद कपडे बदलून बाहेर आला, आळीतली माणसं पालखीला निघाली. ओटीवर टचटच चालूच.

बनुबाई दिवा लावायला आली. तिने वाकून पाहिलं. "अवो, बास की आता. लाकडागत झाला तो पाय."

"तुला काय कलतंय त्यातलं," रावजी मान वर न करता म्हणाले, "कच्चा हाय अजून."

"कच्चा आहे, आजी," सेजल म्हणाली, आणि तिने कोकरू आणखी घट्ट धरलं.